कॉइलला १२ व्होल्ट येतात, तरी गरम झाल्यावर एमजीबी बंद का पडते?

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या एका मराठी वाचकाकडे १९७० सालची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होते, वीस-पंचवीस मिनिटं मजेत पळते, मग झटके मारायला लागते, आरपीएमची सुई नाचते आणि गाडी बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा चालू. रात्री हेडलाइट आणि हीटरचा पंखा लावला असेल तर हे लवकर होतं, इंडिकेटरही रेंगाळत लुकलुकतात. एका मेकॅनिकने कॉइल, प्लग, कंडेन्सर आणि रोटर बदलले. दुसरा म्हणतो, कार्ब्युरेटर खोलावे लागतील. कॉइलला १२ व्होल्ट येतात, ते मीटर लावून पाहिलं आहे. तर आता इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवून टाकू का?

कार्ब्युरेटर उघडू नका आणि किटही आत्ताच मागवू नका. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी मला फार उपयोगाच्या वाटतात: सुई नाचते, आणि पंखा-हेडलाइट लावले की दुखणं लवकर उपटतं. तिसरी गोष्ट, म्हणजे ते १२ व्होल्ट, तुम्हाला फसवते आहे. ते मोजताना कॉइलची वायर लावलेली होती की काढलेली, पॉइंट (दर ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले होते की उघडे, यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही. मीटर लावणाऱ्याने पाहिलंही नसावं, कारण सहसा कुणीच पाहत नाही.

आधी सुईकडे वळू. तुमच्या सालच्या एमजीबीतला टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचं मीटर, कॉइलच्या प्रायमरीतून (बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या बाजूतून) वाहणारा करंट पाहून चालतो. किल्लीच्या स्विचमधून निघालेली पांढरी वायर थेट कॉइलला जात नाही. ती डॅशमागे टॅकोमीटरच्या पाठीतून वळसा घालून मग इंजिनकडे जाते. पुढच्या वर्षांतल्या गाड्यांत ही पद्धत बदलली, म्हणून नंतरच्या मॉडेलचा वायरिंग डायग्रॅम घेऊन बसू नका. याचा अर्थ असा, की ही सुई म्हणजे डॅशवर फुकट मिळालेलं टेस्टिंगचं मीटर आहे. फक्त ते वाचायची एक रीत आहे.

मागे-पुढे गाडी नाही अशा सरळ रस्त्यावर जा. मोटरवेवर हा प्रयोग नको. गाडी मरायला लागली की क्लच दाबू नका, गियर काढू नका, किल्लीही बंद करू नका. चाकं इंजिनला फिरवत राहतील. इंजिन फिरतंय म्हणजे पॉइंट उघडझाप करत आहेत, आणि प्रायमरीत करंट असेल तर सुईने काहीतरी आकडा दाखवलाच पाहिजे. गाडीचा वेग उतरेल तशी सुई हळूहळू उतरली, तर प्रायमरी शाबूत आहे. मग दोष हायटेंशन बाजूला (प्लगला ठिणगी देणाऱ्या, हजारो व्होल्टच्या बाजूला) आहे, म्हणजे रोटर, कॅप, प्लग वायर किंवा कॉइलचं सेकंडरी, नाहीतर पेट्रोलमध्ये. पण इंजिन फिरत असताना सुई धाडकन शून्यावर पडली, किंवा झटक्याझटक्याला खाली कोसळून वर आली, तर प्रायमरीतला करंट तुटतो आहे. तुम्ही "नाचते" लिहिलंय, म्हणून माझा कल या बाजूला आहे. कार्ब्युरेटर बिघडून सुई नाचत नाही.

सुई शून्यावर असताना लगेच इंडिकेटर लावून पाहा. एमजीबीत इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हीटरचा पंखा आणि पेट्रोलचा काटा हे सगळे हिरव्या वायरवर आहेत, आणि हिरवी वायर फ्यूजमधून पांढऱ्यावरूनच येते. टॅकोमीटरला स्वतःला चालायला लागणारी वीजही हिरव्यातूनच मिळते. इंजिन मेलं, सुई शून्य आणि इंडिकेटरही मेले, तर किल्लीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या अलीकडे पलीकडे मुख्य पुरवठाच तुटतो आहे. इंजिन मेलं, सुई शून्य, पण इंडिकेटर नेहमीसारखे चालू, तर स्विच बरा आहे. मग गडबड टॅकोमीटरच्या वळशात, कॉइलपाशी किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत डेल्कोत. इंजिन ठणठणीत चालतंय आणि सुई व इंडिकेटर मात्र मेले, तर नुसता हिरव्याचा फ्यूज पाहा, त्याचा तुमच्या दुखण्याशी संबंध नाही.

पेट्रोलचा संशय पुरता काढायचा तर बंद पडल्यावर किल्ली चालू ठेवून मागच्या चाकाच्या बाजूला कान द्या. एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप तिथे आहे. तो भराभर टकटक करून मग शांत होतो, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या. सारखा टकटकत राहिला तर पेट्रोलऐवजी हवा ओढतोय. मुळीच टकटकला नाही तर एकतर वाट्या भरलेल्या आहेत किंवा पंपालाच वीज नाही, आणि पंपसुद्धा पांढऱ्या वायरवरच आहे हे विसरू नका. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालं, तेव्हापासून उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होण्याच्या तक्रारी जुन्या गाड्यांत वाढल्या हे खरं. पण वाफेमुळे मरणारी गाडी उकाड्यात आणि ट्रॅफिकमध्ये जास्त मरते. हीटर लावायच्या थंडीत, रात्री मोकळ्या रस्त्यावर ती जास्त वेळा मरत असेल तर वाफेकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आता त्या १२ व्होल्टकडे येऊ. नळाची तोटी बंद असताना पाइपात पाण्याचा जोर पुरता असतो, पाइप आतून गंजाने भरला असला तरी. तोटी उघडली की खरं कळतं. वायर काढून मीटर लावलं, किंवा पॉइंट उघडे असताना लावलं, तर करंट वाहतच नसतो, आणि कितीही सडलेल्या जोडामागे मीटर १२ च दाखवणार. म्हणून मोजायचं ते पॉइंट मिटलेले असताना, सगळ्या वायरी जागेवर ठेवून. इंजिन बंद, डेल्कोची कॅप काढलेली, किल्ली चालू, आणि इंजिन हाताने थोडं फिरवून पॉइंट मिटवलेले.

अशा वेळी आधी बॅटरीचं माप घ्या, समजा १२.४ आलं. मग कॉइलच्या पॉझिटिव्हला, जिथे पांढरी वायर येते, तिथे ११.९ च्या खाली येता कामा नये. अर्धा व्होल्ट पडला तर या वयाच्या गाडीला माफ. ९ किंवा १० आले, तर बॅटरी ते कॉइल या वाटेत कुठेतरी व्होल्ट खाल्ले जात आहेत. मग मीटर कॉइलच्या निगेटिव्हला लावा, पांढऱ्या-काळ्या वायरवर. पॉइंट मिटलेले असताना इथे जवळजवळ शून्य हवं, ०.२ पर्यंत चालेल. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर पॉइंट जळलेत, डेल्कोच्या आतली अर्थ वायर तुटत आलीय किंवा डेल्कोची बॉडी इंजिनला नीट अर्थ होत नाहीये. मिनिटभरात उरका, कारण पॉइंट मिटलेले आणि किल्ली चालू अशा अवस्थेत कॉइल तापत राहते.

एक ओम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, म्हणून हिशेब करून दाखवतो. तुमच्या गाडीची मूळ कॉइल साधारण ३ ओमची. १२ व्होल्टला ४ अँपिअर करंट. वाटेतल्या बुरसटलेल्या जोडात फक्त १ ओम वाढला की करंट ३ अँपिअरवर येतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते, म्हणजे १६ च्या जागी ९, जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त. आता गाडी तापली. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे कॉइल ६० अंशांनी तापली की ३ चे ३.७ ओम होतात. आता करंट अडीच अँपिअरच्या आसपास आणि ऊर्जा मूळच्या ४० टक्के. थंड असताना स्पार्क कसाबसा भागत होता, आता तो प्लगमधलं अंतर ओलांडत नाही. त्यात तापल्यावर जोडाचा पत्रा किंचित सैल होतो आणि मधूनमधून संपर्कच सोडतो, तीच सुईची उडी. दहा मिनिटांत सगळं निवतं आणि गाडी चालू होते. कुठलाही पार्ट "खराब" नसताना हे सगळं घडू शकतं, म्हणून पार्ट बदलून ते बरं होत नाही.

पंख्याचा धागाही इथेच जुळतो. हीटरचा पंखा किल्लीच्या स्विचमधून जाणाऱ्या विजेवर चालतो. हेडलाइट मात्र तपकिरी वायरवरून, स्विचला वळसा घालून घेतात. म्हणून एक दिवस फक्त पंखा आणि वायपर लावून चालवा, दुसऱ्या दिवशी फक्त हेडलाइट. पंख्याने लवकर मरत असेल तर किल्लीचा स्विच आणि त्याची पांढरी वायर पहिल्या नंबरचा आरोपी. दोन्हींनी सारखीच मरत असेल तर त्याच्याही आधीची तपकिरी वायर, बॅटरीची टोकं किंवा चार्जिंग पाहायला हवं. ह्या एका गोष्टीने निम्मं वायरिंग संशयातून बाहेर पडतं.

वायरिंगचे रंग ब्रिटिश स्टँडर्ड एयू ७ प्रमाणे आहेत आणि ते एकदा पाठ झाले की अर्धी लढाई संपते. तपकिरी म्हणजे बॅटरीची कायम चालू, फ्यूज नाही. पांढरी म्हणजे किल्लीनंतरची, हिलाही फ्यूज नाही. हिरवी किल्लीनंतरची आणि फ्यूजमधली, जांभळी कायम चालू आणि फ्यूजमधली, काळी अर्थ. तपकिरी आणि पांढरीला फ्यूज नसल्यामुळे डॅशमागे हात घालताना बॅटरीची अर्थ वायर काढलीच पाहिजे. उघडी तपकिरी वायर बॉडीला चिकटली तर तिचं इन्सुलेशन जळतं आणि सोबत गुंडाळलेल्या बाकीच्या वायरीही जातात. तुमच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखाली असायला हव्यात. तिथल्या जोडवायरची टोकंही याच निमित्ताने काढून घासून घ्या, ती कुणी वर्षानुवर्षं पाहिलेली नसतात.

रस्त्यावर खात्री करायची सोपी युक्ती सांगतो. कॉइलच्या पॉझिटिव्हवरून एक लांब वायर, सुरुवातीलाच छोटा फ्यूज घालून, बॉनेटच्या मागच्या फटीतून आत आणा आणि मीटरला जोडा. मीटरचं दुसरं टोक चांगल्या अर्थला. शेजारी बसणाऱ्याला मीटर धरायला सांगा, गाडी चालवणाऱ्याने त्याकडे बघायचं नाही. इंजिन चालू असताना १३ च्या पुढे आकडा दिसायला हवा. गाडी मरताना तो घसरला तर वाटेत व्होल्ट खाल्ले जात आहेत. आकडा जागेवर राहिला आणि तरीही सुई पडली, तर डेल्को उघडायची वेळ झाली.

घसरला, असं धरून चालू. मग बायपास करा. कॉइलवरची पांढरी वायर काढून तिचं टोक टेपने गुंडाळा. सेल्फच्या सोलेनॉइडवर बॅटरीची जाड केबल येते त्या टोकावरून १० अँपिअरचा फ्यूज आणि एक स्विच घालून नवी वायर थेट कॉइलला द्या. पंपासाठी किल्ली चालूच ठेवायची. आता टॅकोमीटर शून्यावरच राहील, त्याच्यातून करंट जात नाही, घाबरू नका. आणि इंजिन किल्लीने बंद होणार नाही, त्या नव्या स्विचने होईल, हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. पांढरी वायर काढायला विसरलात तर वीज उलटी फिरून किल्ली बंद असतानाही पंप चालवेल. अशी तासभर गाडी चालवून ती एकदाही मेली नाही, तर कॉइल, पॉइंट, रोटर, कार्ब्युरेटर सगळे निर्दोष सुटले. ही वायर कायमची ठेवून देण्याचा मोह होतो, पण ते करू नका. अपघातात किल्लीने बंद न होणारी गाडी नको.

मग पांढऱ्या वाटेतला एकेक जोड तपासायचा. मीटर आता जोडाच्या दोन्ही बाजूंना लावायचं, करंट वाहत असताना. चांगल्या जोडावर शून्याच्या जवळ आकडा येतो. जिथे अर्धा व्होल्ट दिसेल तिथे थांबा. या गाड्यांत वायरीच्या टोकाला पितळी बुलेट असते आणि ती रबरी बाहीतल्या पत्र्याच्या नळीत बसते. बाहेरून रबर अगदी नवं दिसतं, आत पत्रा काळा-हिरवा झालेला असतो. हाताने हलवल्यावर बरं वाटणारा जोड बरा नसतो, तो हलवल्यामुळे तात्पुरता घासला गेलेला असतो. पाहायची ठिकाणं क्रमाने अशी: किल्लीच्या स्विचच्या मागचे जोड, टॅकोमीटरच्या पाठीवरचे दोन बुलेट, मग इंजिनच्या खोलीत आल्यावरचा जोड. टॅकोमीटरच्या मागचे बुलेट मला विशेष वाईट सापडत आले आहेत, कारण तिथे हात पोचायला एखादं काचेचं डायल काढावं लागतं आणि म्हणून कुणी तिथवर जातच नाही. स्विचचं टर्मिनल तपकिरी पडलेलं, प्लास्टिक किंचित वितळलेलं दिसलं तर स्विचच बदला, घासत बसू नका. बुलेटच्या बाह्या मात्र सगळ्या नव्याच घाला, त्या स्वस्त आहेत.

समजा, बायपास करूनही गाडी मेली. मग डेल्को. तुमच्या गाडीत ल्यूकस कंपनीचा २५डी४ असणार. कॅप काढा. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूममुळे थोडी फिरते, आणि ती बॉडीला जोडलेली असते कापडी वेष्टणातल्या एका बारीक अर्थ वायरने. बोटभर लांबीची. ही वायर वेष्टणाच्या आत तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. व्हॅक्यूमची बारीक नळी इंजिनच्या बाजूने काढा. किल्ली बंद ठेवून मीटर ओमवर लावा, एक टोक प्लेटवर, दुसरं डेल्कोच्या बॉडीवर. आता नळी तोंडात धरून हवा ओढा. प्लेट सरकताना डोळ्याला दिसली पाहिजे, आणि मीटरचा आकडा शून्याच्या जवळ ठाम राहिला पाहिजे. ओढल्यावर आकडा उडाला, तर चोर सापडला. असली गाडी स्लोवर आणि पूर्ण रेसला बरी चालते, मध्येच हलका पाय ठेवला की मिसिंग मारते, आणि मालक कार्ब्युरेटरच्या मागे लागतो. ओढल्यावर प्लेट हललीच नाही किंवा जिभेने नळीचं तोंड बंद केल्यावर ती लगेच परत गेली, तर डायफ्रॅम फाटलाय. त्याने गाडी बंद पडत नाही, फक्त पेट्रोल जास्त खाते.

पॉइंटच्या स्प्रिंगपाशी आणखी एक जागा आहे. कंडेन्सरची वायर आणि बाहेरून येणारी वायर, दोन्हींची टोकं स्प्रिंगला टेकली पाहिजेत, पण खालच्या खांबाला नाही. मध्ये प्लास्टिकचं बुश असतं. ते उलटसुलट बसवलं तर प्रायमरी कायमची अर्थ होते आणि गाडी चालूच होत नाही, आणि अर्धवट बसवलं तर तापल्यावर टेकते. तुमच्याकडे नुकताच कंडेन्सर बदलला आहे, म्हणून मी इथे भिंग घेऊन पाहीन. पॉइंटचा गॅप १४ ते १६ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. प्लगचा गॅप २५ थाऊ. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, आणि इंजिन बंद ठेवून टायमिंग पिस्टन अगदी वर पोचण्याच्या १० अंश आधी. हे आकडे एकदा बसवा आणि त्याचा नाद सोडा, टायमिंग दोन अंश चुकलं म्हणून वीस मिनिटांनी गाडी मरत नाही.

नव्या पार्टवर डोळे मिटून विश्वास नको. जुन्या गाड्यांसाठी आज मिळणारे काही रोटर आणि कंडेन्सर पन्नास वर्षांपूर्वीच्या मूळ पार्टपेक्षा कच्चे असतात. खोक्यावर नाव कुठलंही असो. रोटरमधली पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असेल, तर त्या रिव्हेटमधून ठिणगी खाली शाफ्टला उतरते, आणि तापल्यावर जास्तच. तपासायचं गाडी मेल्यामेल्या, गरम असतानाच. कॉइलची जाड वायर कॅपच्या मधून उपटा. रोटर जागेवर ठेवा. इन्सुलेशन असलेल्या पकडीने त्या वायरचं टोक रोटरच्या पितळेपासून तीन-चार मिलिमीटर वर धरा, किल्ली चालू करा, आणि प्लास्टिकच्या काडीने मिटलेले पॉइंट उघडा. रोटर चांगला असेल तर ठिणगीला जायला जागाच नाही, त्यामुळे ती पडणार नाही. एखादी फिकी पहिली ठिणगी सोडून द्या. पण दर वेळी टणटणीत ठिणगी पितळेवर पडली, तर वीज रोटर फोडून शाफ्टमध्ये जाते आहे. रिव्हेट नसलेला रोटर आणा. इथे हजारो व्होल्ट असतात, तेव्हा हृदयात पेसमेकर असलेल्याने हे काम दुसऱ्याला सांगावं, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कुणीच करू नये.

कॉइलही नवी आहे, तर तिचा रोध मोजा. दोन्ही वायरी काढून, प्लस आणि मायनसच्या मध्ये. ३ ओमच्या आसपास हवा. १.५ निघाला तर मेकॅनिकने नंतरच्या, बॅलास्ट (कॉइलच्या आधी जोडलेला जास्तीचा रोध) असलेल्या एमजीबीची कॉइल तुमच्या गाडीला लावली आहे. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि दिसतात सारख्याच. त्या कॉइलला ८ अँपिअर करंट जातो, तिला हात लावता येत नाही इतकी ती तापते, पॉइंट काळे पडतात, आणि अर्ध्या तासात गाडी मरते. म्हणजे मूळ दुखणं वेगळं असूनही दुरुस्तीने नवं दुखणं लावलेलं असू शकतं. खरं तर हे माप सगळ्यात आधी घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. कंडेन्सरचा संशय असेल तर तो पूर्ण काढून, दुसरा एखादा कॉइलच्या निगेटिव्हला बाहेरून लावून चालवा. पॉइंट उघडताना पिवळी, जाड ठिणगी दिसणं ही त्याची खूण.

अर्थिंगबद्दल थोडंच सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसतात, म्हणून बॉडीशी त्यांचा एकच खरा संबंध म्हणजे अर्थची जाड पट्टी. ती सैल असेल तर सेल्फचा करंट चोक आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल कोमट लागली तर पट्टी पाहा. मीटरने मोजायचं तर सेल्फ मारत असताना इंजिनचा ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, तुमची निगेटिव्ह आहे, पण मधल्या मालकाने काय केलंय ते बॅटरीवर डोळ्याने पाहून घ्या. चार्जिंग २,००० आरपीएमला १४ च्या वर, १४.५ पर्यंत.

फ्यूजबद्दल इथल्या दुकानदारांनाही नेहमी माहीत नसतं. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलं म्हणजे ३५ अँपिअरला तो वितळतो, सतत वाहायला १७ च. दुसऱ्या पद्धतीचा, सतत ३५ वाहून नेणारा फ्यूज तिथे घातला तर वायर आधी जळेल.

ल्यूकसच्या नावाने "अंधाराचा राजकुमार" वगैरे विनोद इथल्या प्रत्येक पबमध्ये ऐकायला मिळतात. माझं मत वेगळं आहे. बर्मिंगहॅमच्या त्या कंपनीचे डेल्को आणि सेल्फ अर्धशतक उलटूनही चालत आहेत. अबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या आणि आज त्यातल्या कुठल्याही गाडीच्या डॅशखाली डोकं घाला, घोळ घातलेला असतो तो मधल्या मालकांनी: रेडिओसाठी चिमटलेले निळे कनेक्टर, टेपचे गोळे, कुठेही मारलेले अर्थचे स्क्रू. तुमच्या गाडीत पांढऱ्या वायरवर कुणी अलार्म किंवा चोरी रोखायचा छुपा स्विच बसवला होता का, तेही शोधा. तो काढला असला तरी त्याने कापलेली वायर पुन्हा कशी जोडली आहे ते पाहा.

हेडलाइट मंद वाटत असतील तर त्याचं कारण वेगळं आणि सोपं: पूर्ण करंट डॅशवरच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून जातो. दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवा, बॅटरीच्या वायरवरून फ्यूज घालून जाड वायर द्या, जुने स्विच फक्त रिले चालवायला ठेवा. पुढच्या लाइटच्या काळ्या वायरींचा जोडही तेव्हाच बदला. पण आधी इग्निशन, मग हे. दोन्ही एकदम केलंत तर कशाने काय बरं झालं ते कळणार नाही.

आणि ते किट. पॉइंटच्या जागी बसणारं मॉड्यूल चांगलं चालतं, मी बसवतो. पण त्यालाही तीच पांढरी वायर वीज देणार, आणि व्होल्ट पडले की पॉइंट निदान कसाबसा स्पार्क देतात, मॉड्यूल मात्र सरळ बंद होतं. प्लस-मायनस उलटं लागलं तर ते जळतं, आणि इंजिन बंद ठेवून किल्ली चालू राहिली तर त्यातली काही तापून मरतात. म्हणून कॉइलवर, पॉइंट मिटलेले असताना, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी घट दिसली की मग हवं तर घ्या. कॉइल किती ओमची चालेल ते किटच्या कागदावर वाचूनच घ्या. आणि काढलेली जुनी प्लेट, गॅप बसवलेल्या पॉइंट आणि कंडेन्सरसकट, एका डब्यात घालून डिकीत ठेवा, सोबत एक बारीक स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेज.